नेटचं विरजण

मंठ्याहून गावाकडं वळलं की पहिल्या उतारालाच मोबाइलची रेंज जाते, आणि गाव तर उताराच्या पार तळाशी. म्हणून सुमेधाच्या स्लॅबवर ती पांढरी तबकडी बसली, थेट उपग्रहावरून नेट घेणारी. वस्तीत तिचं फार कौतुक झालं. सुमेधाला कौतुकाशी देणंघेणं नव्हतं. तिला नोकरी टिकवायची होती, कारण नोकरी टिकली तरच ती आईजवळ राहू शकणार होती.

तिच्या आईला, गिरिजाबाईंना, लकवा मारून दोन वर्षं होत आली. उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. भाऊ मिथुन चाकणला चौघांत एका खोलीत राहतो, तो आईला कुठं नेणार? सुमेधा पुण्यातल्या एका ऑफिससाठी अपघात झालेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून विम्याचे अहवाल लिहायची. साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली होती, पण नेट अडलं की बाडबिस्तरा घेऊन पुण्याला यायचं, असं बजावूनच.

प्लॅन निवडताना तिनं डोळ्यांत तेल घातलं होतं. एका कंपनीचा डेटा ठरलेला. संपला की नेट बंद. दुसरीचा ‘अनलिमिटेड’, पण खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘रास्त वापर धोरण’. म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत नेट धावणार आणि पुढं ठिबकणार. हा ‘रास्त’ शब्द आपण रेशनच्या दुकानावर वाचत आलोय, त्यामुळं त्याचा अर्थ निदान आपल्याकडं तरी कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या मर्यादेचा प्लॅनही होता, पण तो निम्मा पगार गिळणार होता. सुमेधानं आपल्या कामाचा हिशेब घातला. महिनाभर पुरून थोडं उरत होतं. तिनं ‘अनलिमिटेड’ घेतला आणि पासवर्ड ठेवला आईच्या नावाचा. मायला तेवढंच बरं वाटेल, असं तिला वाटलं.

महिना निम्म्यावर आला आणि व्हिडिओ अडकायला लागले. स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहायचं. त्या ठिबकत्या नेटवरूनच कंपनीला फोन लावला तर तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, आपली मर्यादा संपली आहे.”

सुमेधाला कळेना. दिवसभर कानाला लावलेला हेडफोन काढून ती तणतणत आईच्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. खाटेच्या भोवती निम्मी वस्ती बसलेली, ज्याच्या-त्याच्या हातात फोन. शेजारची बेबीनंदा फोन मांडीवर ठेवून मालिका बघत होती आणि बघता बघता गिरिजाबाईंची वेणी घालत होती. उंबऱ्यात नागसेन कबड्डीत गुंग होता. आणि मधोमध गिरिजाबाई, डावा हात हलवत कुणाला तरी जुनी गोष्ट सांगत होत्या.

लोक पांगल्यावर तिनं विचारलं, “माय, पासवर्ड तू दिलास?”

“मागितला, दिला. इरजन मागाया आलेल्या बाईला कुणी न्हाई म्हणतं का? चमचाभर दिल्यानं आपलं दही कमी होतं व्हय?”

“हे दही न्हाई, माय. हे कमी होतं.”

“मंग अनलिमिटेड, अनलिमिटेड म्हणून का सांगून राह्यली व्हतीस समद्यायला?”

सुमेधाला लोकांचा संताप आला. दोन वर्षांत कुत्रं फिरकलं नव्हतं या खाटेकडं, आणि आता फुकटचं नेट मिळालं तर घर भरलं. पण आईची नीट घातलेली वेणी दिसली आणि तो संताप गिळावा लागला.

तिनं एकेकाला सांगून पाहिलं. व्हिडिओ तेवढे बघू नका, बाकी काय ते चालवा. सगळे म्हणाले, “बराबर हाय.” पुढच्या महिन्यात मर्यादा आणखी लवकर संपली. साहेबांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी, फक्त म्हणाले, आता आणखी एकदा अडलं, की पुण्यात खोली बघा.

नवा महिना लागला त्या सकाळी सुमेधानं पासवर्ड बदलला. कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

दुपारी बेबीनंदा आली. “काकू, लागंना झालंय.”

“कसं लागंना? गिरिजाबाई लिही, समदं जोडून.”

“तसंच लिहिलं.”

“पुन्यांदा लिही. काही तरी चुकून राह्यलीस तू.”

बेबीनंदानं पुन्हा लिहिलं. थोडा वेळ बसली, उद्या येते म्हणाली, आणि गेली. दुसऱ्या दिवशी नागसेन उंबऱ्यातूनच फोनकडं बघून परतला. आठवडाभरात खोली पहिल्यासारखी झाली. सुमेधा शेजारच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायची. आपण आईला राखतोय की कोंडतोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं, आणि विचारायलाही कुणी नव्हतं.

एका संध्याकाळी गिरिजाबाईंनी हाक मारली.

“सुमे, माझ्या नावात काय बिघडलं गं?”

“काही न्हाई, माय.”

“मंग मला दाराकडं तोंड करून निजव. कुणी आलं तर दिसंल.”

सुमेधानं तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. मग परत जाऊन बसली. चेपलेल्या गाडीचा व्हिडिओ कुठंही न अडता चालू होता.