दोन किलोमीटरची टॉर्च आणि गोसाब्याचा बांध

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की, मी घेतलेली टॉर्च विझवायला तिचं बटण पाच वेळा दाबावं लागत असे. पेटवली की प्रखर. मग मध्यम, मग मंद. त्यानंतर ती लग्नाच्या वरातीतल्यासारखी फडफडायला लागायची, आणि त्याच्याही पुढे तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे असे झोत टाकून आपलं जहाज बुडत असल्याचं कोलकात्यातल्या सगळ्या बालीगंजला कळवायची. तेव्हा कुठे पाचव्या दाबाला अंधार. पलंगाखाली गेलेली चप्पल शोधणाऱ्या सभ्य गृहस्थाने दर वेळी आधी नाचावं, मग बुडावं आणि मग झोपावं, असं कोणत्या धर्मग्रंथात लिहिलंय? समोरच्या गच्चीवरून घोषालबाबूंनी दोनदा विचारलं, "दादा, सब ठीक तो?"

टॉर्च घेण्याचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, वर्षभरापासून संध्याकाळनंतर नीट दिसत नाही. दिवसा ती माझ्या शर्टावरचा वरणाचा डाग दारातून ओळखते. उजेड उतरला की तिला समोरचं तेवढं दिसतं, कडा जातात. पायरी, फूटपाथचा काठ, गटाराचं झाकण, सगळं गायब. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरणारं नाही, जपून राहा. गडियाहाटच्या चौकात एकदा गुडघा फुटला आणि तिने एकेक करून संध्याकाळी बाहेर पडणं सोडलं. मंडळाचं भजन गेलं, मासळीबाजार गेला. मी दंड धरून न्यायला तयार होतो. पण मी दंड धरला की, तिच्या मते, पोलिसाने आरोपीला कोर्टात नेल्यासारखं दिसतं.

मग थंडीत सुंदरबनच्या वेशीवर, गोसाब्याजवळच्या एका गावात दोन दिवस जायचं ठरलं. फोनवर होमस्टेवाल्या बाई सहज बोलून गेल्या की दुसऱ्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर जात्रा आहे. जात्रा म्हणजे इथलं गावचं नाटक, उघड्या मांडवातलं, रडारड आणि तलवारींसकट. सुलभाने तिथल्या तिथे अट घातली.

"जात्रेला मी माझी मी चालत जाणार. कुणाचा हात धरून नाही. जमलं तर जमलं. नाही जमलं तर सूर्य मावळल्यानंतरचं सगळं बंद, आणि तुम्ही पुन्हा आग्रह करायचा नाही."

"कबूल. मी टॉर्च आणतो."

"आणा. पण तिचा पोवाडा गाऊ नका."

आता पोवाडा. चांदनीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात साडेसहाशे रुपयांत मिळाली. काळी, दणकट, पुढे वाटीसारखा खोल, चकचकीत रिफ्लेक्टर. खोक्यावर छापलेलं, पल्ला दोन किलोमीटर.

"किसने नापा?" मी विचारलं.

"जिसने बनाया," दुकानदार म्हणाला. "आप भी नाप लीजिए, दादा. दो किलोमीटर दूर खड़े होकर हमको फोन करना."

मी ढाकुरिया लेकवर तिन्हीसांजेला मोजणी केली. पलीकडच्या काठावरचा झाडाचा बुंधा कसाबसा ओळखू आला आणि बुंध्याला टेकलेलं एक जोडपं फारच स्पष्ट. तिथून ज्या शब्दांत निषेध आला त्यांचा इथे अनुवाद करत नाही. दोन किलोमीटर हा आकडा बहुधा टॉर्च कारखान्यातून दुकानात येईपर्यंतच्या प्रवासाचा असावा. प्रकाश निळसर, दवाखान्यासारखा. आतला सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर खऱ्या सेलला शोभणार नाही इतका हलका. असा सेल हाती आला तर वेष्टनावरच्या आकड्यांना नमस्कार करा आणि दुसरा घ्या.

मला सोल्डरिंग येतं. नोकरीत फायलींवर सह्या करून करून माणसाला काहीतरी खरोखर जोडावंसं वाटतं. चांगला सेल आणला, मागच्या स्प्रिंगला जाड तांब्याची तार जोडली, पाच नखऱ्यांचं सर्किट उपटून एकाच अवस्थेचं बसवलं. आता दाबलं की दिवा, पुन्हा दाबलं की अंधार. मग मुख्य शस्त्रक्रिया. जुना एलईडी काढून तितक्याच ताकदीचा, पण आकाराने बारका, पिवळसर प्रकाशाचा लावला. दिव्याचा ठिपका जितका लहान, तितका झोत बारीक आणि लांब. पुन्हा लेकवर गेलो. बुंध्याची साल दिसली. जोडपं दुसरीकडे गेलेलं होतं. घरी येताना माझी छाती इतकी फुगली होती की गल्लीत घोषालबाबूंना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगतो. बालीगंज स्टेशनवरून कॅनिंगची गाडी पकडा, सकाळी लवकर. उतारूंची गर्दी तेव्हा उलट दिशेने असते. कॅनिंगला कचोरी-आलूरदम खाऊनच पुढे सरका. तिथून गदखालीपर्यंत शेअर गाडी, तासाभराची. चालक पुढच्या सीटवर चार माणसं बसवतो आणि स्वतः पाचवा म्हणून दारातून बाहेर लोंबतो. गदखालीला नदी ओलांडायला इंजिनाची भटभटी नाव, पलीकडे गोसाबा, आणि मग बॅटरीवरची टोटो रिक्षा. दोघांचा जायचा खर्च गडियाहाटला एका साध्या थाळीइतका. होमस्टेचे चार वेळच्या खाण्यासकट दिवसाचे अडीच हजार. जानेवारीत जा. खजुराचा ताजा गूळ मिळतो, आणि तो खाल्ल्यावर घरचा गूळ नुसता भरतीचा वाटायला लागतो. मोजे न्या, डास शिष्टाचार पाळत नाहीत.

होमस्टेच्या मिनतीदी पन्नाशीच्या, तोंडाने तिखट. जेवायला पार्शे मासा, पातळ डाळ आणि बटाटा घातलेलं खेकड्याचं कालवण. मी टॉर्च काढून टेबलावर ठेवली, सहज दिसेल अशी.

"ये क्या? बाघ देखने का?"

"बहुत दूर का दिखाती है," मी म्हणालो.

"बाघ दूर से दिखेगा तो क्या फायदा, दादा? आप डरना जल्दी शुरू करेगा, बस."

सुलभा इतकी हसली की तिला ठसका लागला. मला पाठीवर थापही मारू दिली नाही.

त्या संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून आम्ही बांधावर गेलो. या बेटांना चारी बाजूंनी मातीचा बांध असतो, त्याच्यावर विटांची अरुंद वाट. एका हाताला खारी नदी, दुसऱ्या हाताला खाली भातखाचरं. साडेपाचलाच अंधार पडला. सुलभाच्या हातात टॉर्च. मी मागे, हात पाठीशी बांधून, अटीप्रमाणे. तिने बटण दाबलं आणि नदीपलीकडच्या खारफुटीतला एक बगळा दचकून उठला.

"बघितलास?" मी.

"बघितला. माझा पाय कुठाय?"

तिने झोत खाली वळवला. बांधावर एक पिवळाधमक, जळजळीत ठिपका पडला, ताटाएवढा. त्याच्या बाहेर काळं कुट्ट. तो इतका प्रखर की डोळे त्याच्यातच अडकायचे आणि उरलेला काळोख आणखी काळा व्हायचा. चार पावलं टाकली, पाचवं वाटेच्या बाहेर गेलं. ती उताराच्या चिखलात गुडघ्यावर बसली. मी धरायला धावलो.

"नको. उठते मी."

ती उठली, साडी झटकली, टॉर्च माझ्याकडे दिली आणि परत निघाली. हात धरू दिला नाहीच; माझ्या शालीचं टोक मात्र मुठीत पकडलं होतं. अंगणात आल्यावर म्हणाली, "उद्या तुम्ही जाऊन या. मला गोष्ट येऊन सांगा. तशीही मला बंगाली रडारड कळत नाही." तिला उत्तम बंगाली येतं. मिनतीदींशी ती दिवसभर बंगालीतच भांडत होती.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही, हे मी पार्शे माशाच्या बाबतीत प्रथमच लिहितोय.

सकाळी नावेतून खाडीत चक्कर झाली. मगर पाहिली, हरणं पाहिली, धुक्यातून सूर्य उगवताना पाहिला. प्रवासवर्णनात यावर दोन पानं लिहितात. मी मात्र नावेत बसून टॉर्चचं तोंड न्याहाळत होतो.

"त्या बगळ्याशी तुमचं काही काम होतं का?" सुलभाने शांतपणे विचारलं.

"नाही."

"मग एवढा उजेड त्याच्याकडे कशाला पाठवला? मला दोन्ही बाजूंच्या विटा दिसल्या तरी पुरे. फार पुढचं नकोय मला."

महिनाभर मी 'किती लांब' एवढंच मोजत होतो. आम्हा लोकांची खोडच ती. गाडी घेतली की किती पळते, मुलगा शिकला की किती लांब गेला, टॉर्च घेतली की कुठवर पोचते. शेजारी किती दिसतं, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. बारका एलईडी लावून तर मी तिच्यापुरता होता तो उजेडही घालवला होता.

दुपारी ओसरीवर दुरुस्तीला बसलो. झोत फोडून पसरवायला दिव्यावर काहीतरी दुधी हवं होतं. रुमाल बांधला, उजेड रुमालातच राहिला. वहीचा कागद लावला. तो लगेच तापून पिवळा पडायला लागला. आणि मग स्वयंपाकघराच्या फळीवर मिनतीदींचा मुरमुऱ्यांचा मोठा डबा दिसला. इथे त्याला मुड़ी म्हणतात आणि ती तीन वेळा खातात. डब्याचं झाकण जाड प्लास्टिकचं, दुधी, अर्धपारदर्शक. मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने बोका पार्शे माशाकडे पाहतो.

"दीदी, ये ढक्कन मिलेगा? काटना पड़ेगा."

"काटेगा? मुड़ी नरम हो जाएगा, दादा. यहाँ हवा में नमक है."

मी सुलभाकडे बोट दाखवून सांगितलं, तिला जात्रेला जायचंय. मिनतीदींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मुड़ी एका पिशवीत ओतून तोंड बांधलं, आणि झाकण माझ्या हातात ठेवलं. "ले जाइए. लेकिन पूरा गोल काटना. टेढ़ा आदमी हमको पसंद नहीं."

गोल कापलं. टॉर्चच्या काचेवर बसवून काळ्या चिकटपट्टीने कड घट्ट केली. ओसरीच्या कोपऱ्यात अंधार करून पेटवली. ठिपका विरघळला आणि जमिनीवर मऊ, पिवळसर, ऐसपैस उजेड पसरला, खाटेच्या या पायापासून त्या पायापर्यंत. पल्ला? फार तर अंगण ओलांडून विहिरीपर्यंत. दोन किलोमीटरचं मी एका दुपारात वाटोळं केलं.

"जायचं?" मी विचारलं. आग्रह केला नाही. अट होती.

तिने टॉर्च हातात घेतली, कमरेजवळ धरली, वर नाही. वर धरली तर दुधी काच आपल्याच डोळ्यांवर चमकते, हे तिचं तिनेच शोधलं. बांधावर चढली. एक वीट, दुसरी वीट. उजवीकडची कड, डावीकडची कड. काल जिथे पडली तिथे थांबली. तिने उजेड हळूच दोन्ही बाजूंना फिरवला आणि पुढे निघाली, पुढे म्हणजे चक्क भराभर. टॉर्च एकच, तीही तिच्याकडे, त्यामुळे मागे माझ्या वाट्याला काळोख. शाळेच्या वळणावर माझा पाय सरळ खाचरात गेला.

"थांबा हं," ती वळून म्हणाली. उजेड माझ्या चिखलाने माखलेल्या बुटावर आणला. "इथे वीट निघालीये. बघून चाला जरा. हात देऊ?"

"नको."

"मग माझ्या शालीचं टोक धरा."

धरलं. जात्रेत राजा मेला, राणी रडली, खलनायकाच्या गलमिशीचं टोक सुटलं. सुलभा मिनतीदींच्या शेजारी बसून हमसाहमशी रडली आणि मध्यंतरात दोघींनी नायिकेच्या साडीची यथेच्छ निंदा केली. परतीच्या वाटेवर गावातल्या आणखी चार बाया तिच्या उजेडात चालत आल्या.

कोलकात्याला येऊन काही आठवडे झाले. मगर विसरलो. गुळाची चव जिभेवरून उतरली. पण सुलभा संध्याकाळी भजनाला जाते, एकटी, तीच टॉर्च कमरेजवळ धरून. आजार आहे तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, पुढे वाढेल. तेव्हा उजेड आणखी पसरवावा लागेल, किंवा आणखी काही करावं लागेल. करू. घोषालबाबूंनी विचारलं, आता किती लांब जाते? सांगितलं, मासळीबाजारापर्यंत.

परवा ती भजनाला गेल्यावर मी माळ्यावरून तिचा खजिना खाली काढला. पुण्याहून आलेल्या श्रीखंडाचे रिकामे डबे. आमच्याकडे माणसं बदलीवर येतात-जातात, डबे जात नाहीत. सगळ्यात मोठा निवडला, एक किलोचा, कट्ट आवाज करून बसणाऱ्या झाकणाचा. धुतला, पुसला. रिकामा डबा कुणाला देऊ नये, म्हणून संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या भरल्या. कापडात शिवून वर मिनतीदींचं नाव-गाव लिहिलं आणि पोस्टात देऊन आलो. सुलभा यायच्या आत माळ्यावरचे बाकीचे डबे थोडे सरकवून मधली जागा भरून टाकली.