गॅस वाढव

आत्याच्या दुकानात फाटलेलं सगळं दुरुस्त होतं. चेन, अस्तर, पँटचा गुडघा. तिची भाषा तेवढी कुणाला दुरुस्त करता आली नाही. संध्याकाळी शटर ओढताना ती म्हणते, "चला, दुकान वाढवते." नवं गिऱ्हाईक हमखास फसतं. "वा! शेजारचा गाळाही घेतलात?" ‘बंद’ हा शब्द आत्या उच्चारत नाही, हे गल्लीला पाठ आहे. ती दिवा वाढवते, पंखा वाढवते, रेडिओसुद्धा वाढवते. रेडिओपायी शेजाऱ्यांची फार पंचाईत होते.

का, ते मात्र कुणी हसत सांगत नाही. आत्याचा नवरा कारखान्यात बॉयलरवर होता. एका सकाळी त्याच्या हातात डबा देताना ती वैतागून म्हणाली, "बंद कर एकदाची ती भट्टी, आणि घरी ये." भट्टी दुपारीच बंद पडली. घरी आला तो नुसता डबा.

तेव्हापासून तिच्या लेखी तो शब्द माणूस घेऊन जातो. आणि घेऊन जाण्यासारखा आता एकच उरला होता, भाचा. आईबापामागे तिनंच वाढवलेला. इथं ‘वाढवलेला’चा अर्थ सरळ आहे. कार्ट्यानं नोकरी धरली तीही त्याच कारखान्यात, त्याच बॉयलरवर.

त्या दुपारी त्याच्या आवडीचा पास्ता होता. झाडांना पालवी फुटली आणि बाजारात कोवळे मटार आले, की आत्या हा बेत करतेच. लसूण तेलात परतायचा, मग गाजराच्या पातळ चकत्या, मटार, कांद्याची पात, वरून लिंबू. पास्ता शिजवलेलं पाणी वाटीभर ठेवायचं, म्हणजे पास्ता कोरडा पडत नाही. आत्या गॅलरीत मटार सोलत होती. नवी भाचेसून ओट्याच्या टोकाला गाजर चिरत होती. घरात येऊन तिला आठवडा झालेला, आणि हवा बदलल्यानं नाक पार चोंदलेलं.

"झाकण तिरकं ठेवलंस ना गं?"

"हो आत्या," भाचेसून म्हणाली. झाकण चपखल बसलेलं होतं.

पातेलं उतू गेलं. फस्स झालं. गाजरं चिरण्याच्या नादात तिनं मान वर केली नाही. थोड्या वेळानं मटाराच्या गोड वासात दुसरा वास मिसळला, तो आत्याच्या नाकानं टिपला.

"अगं, वाढव! गॅस वाढव आधी!"

भाचेसून गुणाची. तिनं बटण मोठ्यावर फिरवलं. ज्योत दिसेना, तेव्हा ती लायटर शोधू लागली.

आत्या दारात आली तेव्हा लायटर भाचेसुनेच्या हातात होता. "वाढव म्हणते ना!"

"वाढवलाय की! पेटतच नाहीये."

एवढ्या वर्षांत आत्याला पहिल्यांदा कळलं, की आपलं कुणाला कळत नाही.

"बंद कर!"

भिंतीपलीकडच्या शेजारणीच्या हातातलं काम थांबलं म्हणे. भाचेसुनेनं लायटर टाकला, बटण फिरवलं. आत्यानं खिडक्या सताड उघडल्या आणि मटक्‌न खाली बसली.

"आत्या, वाचलो आपण!" भाचेसून रडत हसत होती.

"आपण वाचलो गं," आत्या म्हणाली, आणि रस्त्याकडे बघत राहिली.

घरात वाऱ्याशिवाय काही उरलं नाही, तेव्हा कुठं तिनं पुन्हा पाणी ठेवलं. पास्ता झाला. तीन ताटल्या मांडल्या. भाच्याची वेळ टळली. भाचेसुनेनं फोन लावला, उचलला नाही. "कामात असेल," ती म्हणाली. पास्ता ताटलीत घट्ट होत गेला. आत्यानं वाटीतलं पाणी घालून तो सैल केला, मग पुन्हा केला. वाटी रिकामी झाली.

जिन्यात पावलं वाजली. जड होती, सावकाश. कुणी निरोप घेऊन यावं तशी. भाचेसून दाराकडे धावली. आत्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. वळून बघायची तिची छाती होईना.

"आत्या," मागून आवाज आला, "पोटात कावळे ओरडताहेत. वाढ."

आत्यानं वाढलं. भाच्यानं ताटलीवर हात आडवा धरला, "पुरे, पुरे!" म्हणाला, तरी ती त्याच्या बोटांवर वाढतच राहिली.