अडकलेला नट

आज नव्या मशीनवर कटिंग ऑइल तापलं आणि त्या वासासरशी जालन्यातलं आमचं जुनं वर्कशॉप आठवलं.

रॉकेटसाठी बोल्ट करायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. आटे मिलिमीटरचे हवे होते आणि अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लेथ मशीन इंचाचं. त्यासाठीचा गिअर अण्णांकडून बदलायचाच राहिला. तपासणीचा नट दोन फेरे गेला आणि अडकला. कंपनीनं टायटॅनियमची सळई त्या बोल्टांपुरतीच दिली होती.

"तेल टाक, मंग बसंल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आटे इंचाचे पडलेत."

"बराबर बसंल म्हन्लं न!"

घाम गळत होता, तरी ते पाना ओढतच राहिले. त्यांचा तेव्हा राग आला. आता वाटतं, त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. पण पाना खाली ठेवला असता, तर माझ्याकडे बघावं लागलं असतं.