मोठ्या घरातली पहिली बायको

रविवारी दुपारी भांडी आवरली की आमच्या भोरच्या घरात जुना इंग्रजी सिनेमा लागतो. कृष्णधवल, शक्यतो कादंबरीवरून काढलेला. माझा क्रम ठरलेला आहे: आधी वाचनालयातून अनुवाद आणून वाचायचा, मग सिनेमा बघायचा. या गोष्टींचं सामानही ठरलेलं. ओसाड माळावरचं अवाढव्य घर, अबोल मालक, साधीशी मुलगी आणि एक बंद खोली. कादंबरी त्या खोलीपाशी पानंच्या पानं घुटमळते. सिनेमाला एक जिना आणि एक सावली पुरते.

सासूबाई आणि नणंद सोबत बसतात. संवादांचा अर्थ मी सांगत जाते. त्या दिवशीची नायिका बिजवराची दुसरी बायको होती. घरात पहिलीचं नाव कुणी काढत नव्हतं आणि ही तिलाच घाबरून अर्धी झाली होती. सासूबाईंनी मटार सोलता सोलता निकाल दिला, "एवढं मोठं घर, आन् मेलेलीचा टाक न्हाई देव्हाऱ्यात. मग ती जिन्यातच हिंडनार की."

आमच्याकडे दुसरी आली की पहिलीचा टाक, म्हणजे चांदीची छोटी प्रतिमा, देवात बसवतात. सणाला नैवेद्य आधी तिला, नवं लुगडंही आधी तिच्यापुढे. मला हसू आलं. नणंद हसली नाही. तिला भोंगवलीचं बिजवराचं स्थळ आलं होतं आणि त्या आठवड्यात होकार कळवायचा होता. मी घर बघून आले होते. पाणी, संडास, रस्ता, गोठा, सगळं ठीक होतं.

"वैनी," तिनं विचारलं, "त्यांच्या पहिलीबद्दल कोन काय बोललं का तितं?"

कुणीच बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी गेलो. ते गृहस्थ आणि त्यांची आई घरीच होते. बैठकीच्या भिंतीवर रिकामा खिळा होता आणि त्याखाली चौकोनभर रंग उजळ दिसत होता. नणंदेनं सरळ त्याबद्दलच विचारलं. गृहस्थ खाली बघत म्हणाले, पहिलीचा फोटो त्यांनीच काढून ट्रंकेत ठेवला होता. बघायला येणाऱ्यांना बरं वाटणार नाही, म्हणून.

"लावा परत," ती म्हणाली. "तिची वळखच न्हाई, तर म्या हितं नांदू कशी?"

फोटो पुसता पुसता ते पहिलीविषयी आपणहून बोलू लागले. बराच वेळ बोलले. मग फोटो खिळ्याला अडकवला. नणंदेनं लांबून बघून डावी बाजू जरा वर घ्यायला सांगितली आणि त्यांच्या आईच्या मागोमाग चहा ठेवायला आत गेली. होकार वेगळा कळवावा लागला नाही.