मागे चालणारा

गेल्या पानगळीपर्यंत आमच्याकडे शनिवारी सकाळी हायकिंगला निघायच्या आधी एक तोंडी परीक्षा व्हायची. गाडी अजून ड्राइव्हवेतच, थालीपिठांचा डबा माझ्या मांडीवर, आणि आमचे हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत, इंग्रजीत एक वाक्य म्हणायचे. ऑफिसर, माझ्याकडे परमिट आहे, माझ्या उजव्या कमरेला पिस्तूल आहे, मी काय करू ते सांगा. मग माझ्याकडे वळून विचारायचे, "बरोबर?"

"बरोबर. निघा आता, नाहीतर पार्किंग मिळायचं नाही."

नॉर्थ कॅरोलायनात नियमच तसा आहे. कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं परमिट असेल आणि पोलिसांनी थांबवलं, तर त्यांनी विचारायच्या आधी आपणहून सांगायचं. ह्यांच्या क्लासमधल्या मास्तरांनी वर आणखी बजावलं होतं, की पाकीट मागच्या खिशात ठेवू नका. पोलीस लायसन मागतो, आपला हात पाकिटासाठी कमरेकडे जातो, तिथेच पिस्तूल असतं, आणि मग तो काय समजेल ते त्याचं त्याला ठाऊक. त्यातून आपली कातडी ही अशी. म्हणून ह्यांचं पाकीट शनिवारी दोन सीटच्या मधल्या कप ठेवायच्या खळग्यात असायचं. मी तिथे चहाचा मग ठेवला की ओरडा.

वैताग होता नुसता. परतताना देवळात जाऊ म्हटलं तर देवळाच्या दारावर पिस्तुलाच्या बंदीची पाटी. पोस्टात दोन मिनिटांचं काम असलं तरी तिथे चालत नाही. मग ते गाडीतल्या लोखंडी बॉक्समध्ये ठेवा, कुलूप लावा, परत काढा, परत कमरेला लावा. तान्ह्या बाळाचं सुद्धा मी एवढं केलं नसेल.

ह्याची सुरुवात कशी झाली ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचे हे कोणी दांडगट आहेत. कसले दांडगट! घरात पाल दिसली तर मला हाक मारणारा माणूस. रिटायर होईपर्यंत इंजिनिअर म्हणून एका कंपनीत पंप आणि व्हॉल्व्ह बघत बसले. रागावले की दार आपटायचे, तेही हळू.

लग्न झाल्यापासून हे माझ्या पुढेच चालत आलेत. आमच्या पिढीचे नवरे तसेच. तुळशीबागेत हे दहा पावलं पुढे आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागे. अमेरिकेत आलो, कॅरीत घर घेतलं, मुलगी शिकून दुसऱ्या गावी गेली, आम्ही दोघं शनिवारी डोंगरात जायला लागलो, तरी तेच. हे पुढून बोलत राहणार, मागे न बघता, आणि मी मागून हुं हुं करणार. माझी तक्रार नव्हती. आठवडाभरातलं आमचं खरं बोलणं तेवढंच असायचं, कारण घरात बोलायला बसलं की टीव्ही मध्ये येतो.

तर एकदा पार्किंगमध्ये एका पिकअपमधला माणूस म्हणाला, कुठले तुम्ही? हे म्हणाले, कॅरी. तो म्हणाला, तसं नाही, मुळातले कुठले? हे हसून काहीतरी बोलले आणि आम्ही चालायला लागलो. हे पुढे, भाचीच्या लग्नात कोणी कसा घोळ घातला ते सांगत. थोड्या वेळाने मला मागे पावलं ऐकू आली, आणि तो माणूस माझ्या शेजारून पुढे येऊन आमच्या दोघांच्या मधे चालायला लागला. मी हळू झाले की तोही हळू. शीळ घालत होता. मला हाक मारायची होती, पण आवाजच फुटेना. ह्यांनी काहीतरी विचारलं, उत्तर येईना म्हणून वळून बघितलं, तर माझ्या जागी त्याचं तोंड.

त्याने काही केलं नाही. हसला, तळ्याकडे जाणाऱ्या फाट्याने निघून गेला. बस्स, एवढंच. पोलिसात सांगायचं तर काय सांगणार, शीळ घालत होता म्हणून?

पण हे त्या दिवशी जेवले नाहीत. "तू किती वेळ त्याच्या मागे होतीस?" हेच परत परत. मी म्हटलं, जाऊ द्या हो, झालं ते झालं. ह्यांनी जाऊ दिलं नाही. क्लास केला, शेरीफच्या ऑफिसात बोटांचे ठसे दिले, परमिट आलं, पिस्तूल आलं. आणि त्यानंतर हे कधीही माझ्या पुढे चालले नाहीत. पायवाट सुरू झाली की बाजूला उभे राहणार, "तू हो पुढे, मागे मी आहे."

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या चालीने चालत होता. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना कळलं तेव्हा थट्टा झाली. "काय वहिनी, आज कमांडो सोबत का?" म्हणून विचारायचे. दोघीतिघींनी आमच्याबरोबर हायकिंगला येणं बंद केलं. सांगून नाही, आपलं गुडघा दुखतो, पाहुणे आलेत, असं. मी त्यांना दोष देत नाही. माझ्याही मुलीच्या वर्गात कोणाच्या वडिलांकडे बंदूक आहे कळलं असतं, तर मी तिला त्यांच्याकडे खेळायला पाठवलं नसतं.

पण बोलणं गेलं ते गेलंच. मी पुढून काही सांगावं, तर मागे ह्यांचं लक्ष झाडीकडे. कोणी सायकलवाला आला की ह्यांचे श्वास बदललेले मला ऐकू यायचे. थालीपीठ खायला बसायचं तर ह्यांची पाठ दगडाला आणि तोंड वाटेकडे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, लोणचं तरी नीट खा, कोणी पळवत नाहीये." तर हसलेही नाहीत.

मग गेल्या वर्षी दुसरंच सुरू झालं. आधी मला वाटलं, वय झालं. रोजच्या रस्त्यावरची एक्झिट चुकली. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर कुकरकडे बघत उभे. भाचीच्या लग्नातला तोच घोळ एका जेवणात दोनदा सांगितला, आणि दुसऱ्यांदा सांगताना तेवढेच हसले. मी पण हसले. काय करणार?

मुलीला फोनवर सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, आई, आधी ती गन काढून घे. मी म्हटलं, "तू ये आणि घे." तिला बोलायला काय जातं! काढून घ्यायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर सांगायचं, की तुमचं डोकं चालत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तरी घर डोक्यावर घेतात. आणि पिस्तुलाशिवाय हे हायकिंगला येणार नाहीत. "तुला घेऊन असा मोकळा जाऊ?" म्हणतात. हायकिंग गेलं की माणूस खुर्चीत. शनिवारी चालून आले की निदान रविवारपर्यंत डोळ्यांत तेज असायचं, नावं आठवायची. ते घालवू, की कमरेला ते लटकवलेल्या, विसरायला लागलेल्या माणसाबरोबर डोंगर चढू? इकडे आड, तिकडे विहीर. मी इतकी दमले होते की आठवडे ढकलत राहिले. दर शनिवारी ते वाक्य म्हणायचे, एक शब्द चुकायचा नाही, आणि मी मनात म्हणायचे, चला, हे तरी शाबूत आहे.

त्या शनिवारी पण म्हणाले. व्यवस्थित म्हणाले.

हायवे सोडून आम्ही छोट्या रस्त्याला लागलो आणि मागे निळे दिवे चमकले. आमचा मागचा एक लाइट बंद होता, एवढंच कारण होतं. ह्यांनी गाडी कडेला घेतली. पोलीस माझ्या बाजूच्या खिडकीशी आला. कोवळा पोरगा, आमच्या मुलीहून लहान असेल. गुड मॉर्निंग म्हणाला, लायसन आणि रजिस्ट्रेशन मागितलं.

मी वाट बघितली. आता म्हणतील. हे त्याच्याकडे बघत होते, चेहऱ्यावर ते पाहुण्यांसाठीचं हसू. वाक्य येईना. मी त्या खळग्यात बघितलं. तिथे पाकीट नव्हतं. माझा चहाचा मग होता, आणि ह्यांनी सकाळी त्याबद्दल ओरडाही केला नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

ह्यांचा उजवा हात स्टिअरिंगवरून निघाला आणि कमरेकडे जायला लागला.

त्या पोराची नजर त्या हाताबरोबर खाली गेलेली मी पाहिली. ह्यांचा हात धरावा तर झटापट दिसेल. मी माझे दोन्ही पंजे डॅशबोर्डवर ठेवले आणि तेच वाक्य म्हणाले. ह्यांचंच, ह्यांच्याच चालीत. ऑफिसर, माझ्या नवऱ्याकडे परमिट आहे, त्यांच्या उजव्या कमरेला पिस्तूल आहे, आम्ही काय करू ते सांगा. आणि त्याच दमात मराठीत, ओरडून नाही, देवासमोर बोलावं तसं, "अहो, हात वर ठेवा. स्टिअरिंगवर. माझं ऐका."

हात थांबला. एवढ्या वर्षांत माझं इतक्या पटकन कधी ऐकलं नव्हतं. हात परत स्टिअरिंगवर आला.

पोरगा एक पाऊल मागे सरकला होता, त्याचाही हात त्याच्या कमरेपाशी होता. तो म्हणाला, ओके, ते आहे तिथेच राहू दे. मग मला म्हणाला, मॅम, पाकीट कुठे आहे? मी म्हटलं, मागच्या खिशात, पिस्तुलाच्याच बाजूला. तो म्हणाला, मग राहू दे, तुमचं लायसन दाखवा. मी माझं दाखवलं. त्याने लाइट बदलून घ्या म्हणून सांगितलं, थँक यू मॅम म्हणाला आणि गेला. भला मुलगा होता. दुसरा असता तर, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

त्याची गाडी दिसेनाशी झाली तरी आम्ही तिथेच. माझे पंजे अजून डॅशबोर्डवर. हे म्हणाले, "बघितलंस? म्हणून मी दर वेळी म्हणून बघतो. मी सांगितलं ना त्याला नीट?"

हो म्हणणं किती सोपं होतं! वर्षभर मी होच म्हणत आले होते. कुकरला हो, एक्झिटला हो, भाचीच्या लग्नाला हो. पण त्या दिवशी माझ्यात त्राणच उरलं नव्हतं.

"नाही हो," मी म्हटलं. "तुम्ही नाही सांगितलं. मी सांगितलं. तुमचा हात खाली चालला होता."

ह्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. उलटा करून, सुलटा करून बघितलं. मला रडू आवरेना आणि ह्यांनी रडू नकोसही म्हटलं नाही.

मग ह्यांनी शर्ट वर केला, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरसकट काढलं, गोळ्या वेगळ्या केल्या, सीटखालचा बॉक्स ओढून त्यात ठेवलं आणि कुलूप लावलं. ह्या कामात हात जराही चुकला नाही. किल्ली माझ्या मांडीवरच्या डब्यावर ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे. मी मागितली तरी देऊ नकोस."

"घरी जायचं का?"

"घरी कशाला? एवढं थालीपीठ केलंयस."

उरलेला रस्ता मी गाडी चालवली. पायवाटेच्या तोंडाशी पोचल्यावर हे सवयीने बाजूला उभे राहिले, मला वाट देऊन. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे झाले. पहिल्या वळणावर मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. थोड्या वेळाने परत बघितलं. मग हसूच आलं मला, म्हटलं, बाई गं, आता तुझी पाळी. मी चालत राहिले. ह्यांचा शर्ट कमरेपाशी आता सपाट होता आणि पाठ मला वाटत होती त्याहून बारीक झाली होती.

तळ्याच्या फाट्याशी हे थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ह्या फाट्यावरून आम्ही किती वर्षं जातोय.

"डावीकडे," मी म्हटलं.

"माहितीये मला," असं म्हणून डावीकडे वळले. आणि मग, किती वर्षांनी, मागे न बघता बोलायला लागले. भाचीच्या लग्नातला घोळ. मी हुं हुं करत होते. मधेच एकदा मी झाडीकडे बघत राहिले आणि माझं हुं चुकलं, तर हे जागच्या जागी थांबले. वळले नाहीत. वळून बघायची भीती वाटत असावी.

"अगं, मागे आहेस ना?"

"आहे हो. चला तुम्ही, मागे मी आहे."