पाय घासत चालणारं घर

हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी लातुरात सलूनच्या खुर्चीत बसलो होतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. "भाऊ, अक्का गेल्या," ते म्हणाले. मी तसाच उठलो. एसटीत लोक माझ्याकडं वळून वळून बघत होते. चेहऱ्यावरचं दुःख बघून बघतायत, असं मी समजत होतो. बिलोलीला अक्काच्या दारात हमीदभाईंनी कानात सांगितलं, "भाऊ, दाढी अर्धीच हाय." आत अक्का निजवलेली. आमच्या फजितीवर हसायचा पहिला हक्क या थोरल्या बहिणीचा, आणि नेमकी याच वेळी ती हसली नाही.

अंत्यविधी उरकून येईतो स्टँडसमोर बॅनर लागला होता. 'कासवमाता अनंतात विलीन.' अक्काचा फोटो पासपोर्टाएवढा, वर हात जोडलेल्या पुढाऱ्यांचा फोटो दरवाजाएवढा. पुढाऱ्यांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते कात्रण काढून ठेवतील. आम्ही बॅनरपुढं उभे असतानाच खालून मांजरा नदीच्या वाळूनं भरलेला ट्रॅक्टर गेला, मागून पाणी गळत. ट्रॅक्टर कुणाचा, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. हमीदभाई रस्त्यावरची ती ओली रेघ बघत राहिले. म्हणाले, "आई म्हणतेत, अन् आईचंच घर उपसून राहिले."

अक्का शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर सकाळी नदीकडं फिरायला जायची. तिथं एकदा वाळू उपसताना अंडी फुटलेली दिसली. पांढरी, गोल, चुन्यात लोळवल्यासारखी. मऊ पाठीच्या कासवांची. ट्रॅक्टरवाल्याशी भांडून घसा बसवून घेतला आणि राहिलेली अंडी कशी वाचवायची म्हणून रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानात शिरली. ते दुकान हमीदभाईंचं, पंक्चरचं. त्यांनी ट्यूब बुडवायचं घमेलं रिकामं केलं, त्यात ओली वाळू भरली. असं आमच्या तालुक्यातलं कासव मंडळ स्थापन झालं. पुढं गुरांचे डॉक्टर येऊन मिळाले. घटना नाही, अध्यक्ष नाही. पाटी लावायची ठरली होती, पण कुणाचं नाव वर यावं यावर तिघांत भांडण झालं. प्रत्येकाला दुसऱ्याचं नाव वर पाहिजे होतं.

मग घरात कासवं यायला लागली. नदीची जखमी कासवं टबात आणि माळावरची टोपलीत. ही माळावरची, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेली. कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते म्हणून लोक ती पोत्यात घालून पलंगाखाली ठेवतात. देवळात शिरताना गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाला हात लावून डोक्याला लावतात आणि जितं कासव घरी अंधारात पालापाचोळा खायला घालून मारतात! वनखात्यानं सोडवून आणली की ठेवायला जागा नसायची. मग वनरक्षक अक्काकडंच यायचा. एकाची पाठ फुटलेली होती, तर डॉक्टरांनी औषध लावून वरून ठिगळ हमीदभाईंकडून लावून घेतलं. "आपल्याला काय, ट्यूब असो का कासव, फट ऱ्हायली न्हाई पायजे," हमीदभाई म्हणाले. त्या कासवाला घरात सगळे 'पंक्चर' म्हणायचे.

ही माळावरची मंडळी घरभर हिंडायची. म्हणून अक्काचा एकच कायदा होता: पाऊल उचलायचं नाही, घासत चालायचं. मी पाय उचलला की आतून आवाज यायचा, "दिग्या, पाय!" दिवाळीला आम्ही सगळे जमायचो. जावई, सुना, व्याही, सगळे फरशीवर रेल्वेच्या इंजिनासारखे घसटत फिरायचे. मी म्हणायचो, "अक्का, तुझ्या सासरची माणसं बरी होती, निदान दिसायची तरी." ती म्हणायची, "ह्यी बी बरीच हायेत. फराळाला नावं ठेवत न्हाईत." चकलीबद्दल मी काय बोललो होतो, ते तिच्या लक्षात होतं.

पुढाऱ्यांना कासवांचा पुळका आला तो पर्यावरण दिनाला. बरी झालेली कासवं त्यांच्या हस्ते नदीत सोडायची ठरली. बँड आला, फोटोवाले आले. अक्कानं टब दाखवला होता. कार्यकर्त्यांनी टोपली उचलली. का, तर चांदण्या फोटोत चांगल्या दिसतात! अक्का घाटावर पोचेपर्यंत साहेब पाण्यात गुडघाभर उभे होते.

"अहो साहेब, ती माळावरची हायेत. बुडतील!"

"कासव कुठं बुडतंय व्हय बाई?" सगळा घाट हसला. साहेबांनी एकेक कासव धारेला लावलं.

अक्का नव्या लुगड्यासकट पाण्यात शिरली. पंक्चर सापडलं, आणखी दोन सापडली. एक गेलं. ती काठावर त्या तिघांना ओच्यात घेऊन बसली होती आणि मागं बँड वाजत होता... दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला. कोपऱ्यात अक्काचा फक्त हात आला होता. खाली छापलं होतं: 'निरोप देताना भावुक झालेले कासवप्रेमी.'

तेरावा झाला आणि साहेबांचा माणूस घरी आला. शोकसभा ठेवलीय म्हणाला. "साहेबांची इच्छा हाय, अक्कांच्या घरची कासवं अक्कांच्या नावानं नदीत सोडायची. टोपली तेवढी द्या."

मी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. विमा एजंट माझ्या घरी जेवून जातात. पण त्या दिवशी दारात आडवा झालो. "ती पाण्यातली नाहीत," म्हणालो.

"अहो, कासव ते कासव."

"मग आधी तुमच्या साहेबांना माळावर नेऊन पुरा. जिता असो का मेलेला, माणूस ते माणूस."

आवाज माझाच होता, पण बोलली अक्का. हमीदभाईंनी मागून माझा सदरा धरला, मी पळून जाईन या भीतीनं असावा. माणूस "बघून घेतो" म्हणून गेला. आम्ही वाट पाहिली नाही. वनरक्षकाला बोलावलं, डॉक्टरांनी तिन्ही कासवं तपासली, आणि त्याच दिवशी ती लांबच्या माळावर सोडून आलो. पंक्चर करवंदीच्या जाळीत शिरलं, ते ठिगळासकट. वळून बघायची त्यांच्यात पद्धत नाही.

शोकसभेला टोपली नव्हती म्हणून साहेबांनी कबुतरं सोडली. ती म्हणे भाड्याची होती, संध्याकाळी घरी परतली. कुटुंबातर्फे दोन शब्द बोला म्हणून मला बोलावलं. मांडवात चिखल होऊ नये म्हणून खाली जाडसर वाळू पसरली होती. मांजरेचीच. चाळून न घेतलेली, शिंपल्यांची. अंडी घालायला कासवं शोधतात, तसली. मी आणि हमीदभाई त्या वाळूवरून स्टेजकडं निघालो. ठरवून नाही, पण दोघांचेही पाय उचलेनात. आम्ही घासत घासत चाललो होतो. लोकांना वाटलं, दुःखानं गळाठले.

माइकपाशी भाषण विसरलो. साहेबांकडं बघून एवढंच विचारलं, "ही वाळू कुठनं आणली?"

माइक लगेच बंद झाला. मग मागच्या रांगेतून कुणी बाई बोलली, "हाव, सांगा की, कुठनं आणली?"

साहेबांनी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही. ट्रॅक्टर रोज जातो.

आम्ही खाली उतरलो. हमीदभाईंनी कोपर मारलं, "भाऊ, मागं बघा." मांडवाच्या दारापासून स्टेजपर्यंत वाळूत आमच्या पायांचे चर उमटले होते, कासव काठावर चढून गेल्यासारखे. एक कार्यकर्ता फावडं घेऊन ते बुजवायला निघाला. बायका खुर्च्यांवरून उठल्या होत्या आणि त्याच्या आडव्या उभ्या होत्या.