टोपलीतला जोडीदार

नाशिकहून निघताना सासूबाई म्हणाल्या, "मास्तरणीलाच परत शिकायला पाठवून काय साधणार?" माझी मैत्रीण सुलभा घिवलीच्या शाळेत तिसरीला शिकवते. ती नुकतीच पालघरला गणिताचं प्रशिक्षण घेऊन आली होती आणि मी तिच्याकडे निघाले होते.

बोईसरच्या एसटीत मी सुलभाकडे निघालेय म्हटल्यावर शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "त्या पोरांची चौकशी करतात, त्या बाईंकडं?" सुलभाची कीर्ती स्टँडपर्यंत पोचली होती तर! पालघरहून तिने मणी, चिंचोके आणि एक प्रश्न आणला होता: 'कसं काढलंस?' उत्तर बरोबर असो वा चूक, मुलाला हे विचारायचंच.

पण सुलभाच्या घराशेजारच्या हिराबाईंचा धीर सुटला होता. त्यांच्या मुलीला, सुलभाच्याच वर्गातल्या मंदीला, भागाकार जमत नव्हता. या आठवड्यात जमला नाही तर शाळा बंद, मंदीने बोंबील सुकवायचे. सुलभाच्या घशाखाली घास उतरेना. माझ्या उतरत होता. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण पुढ्यात असताना दुःख तरी किती करायचं?

दुसऱ्या दिवशी वर्ग किनाऱ्यावर, वलांडीपाशी (बोंबील सुकवायची बांबू-दोरांची मांडणी) भरला. इथे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टांगतात. हिराबाई तेच करत होत्या. सुलभाने तेरा बोंबील मंदीपुढे मांडले. जोड्या किती, उरले किती?

"सात जोड्या. उरला काय नाय."

पोरं हसली. गेली बिचारी, मला वाटलं. हिराबाईंचे हात थांबले. पूर्वी सुलभाने सरळ फुली मारली असती. आता तिने विचारलं, "कसं काढलंस?"

"एकटा टांगता येत नाय, बाई. टोपलीतून एक घेतला जोडीला."

सुलभाने टोपली उचलून स्वतःच्या पाठीमागे ठेवली. "आता?"

मंदी त्या तेराव्याकडे बघत राहिली. "सहा जोड्या. ह्यो राहतो." मग सुलभाने तीन-तीनाचे, चार-चाराचे वाटे करायला सांगितले. मंदीने सगळे बरोबर केले.

"टोपलीपायी चुकत होती व्हय?" हिराबाई म्हणाल्या. "बाई, तुमी विचारत जा तिला. पोर शाळंतच येल."

मला इतका आनंद झाला की निघताना हिराबाईंनी दिलेलं, मंदीने बांधलेलं सुक्या बोंबलांचं पुडकं मी एसटीत वासाची पर्वा न करता मांडीवर घेऊन बसले.

घरी सासूबाईंनी ते सोडलं. सगळ्या जोड्या, आणि एक सुटा. हा एकटा कशाला, त्यांनी विचारलं. मंदीने मुद्दाम घातलाय, असं म्हणून मी सगळी हकिकत सांगितली.

सासूबाईंनी जोड्या चटणीसाठी काढल्या आणि सुटा बोंबील फडताळात वर ठेवला. "हा राहू दे," त्या म्हणाल्या.